घरचं पाणी

वेड लागलं की माणूस कपडे फाडतं, रस्त्यानं ओरडत फिरतं, असं आपल्याला सिनेमानं शिकवलंय. मी तसलं काहीच केलं नाही. मी वेणी घालत होते, ऑफिसला जात होते, चतकोर का होईना भाकरी खात होते. फक्त घरचं पाणी पीत नव्हते.

आता मी बरी आहे. बरी म्हणजे गोळी चालू आहे, आवाज कधीमधी येतो, आणि आला की मी त्याला ओळखते. तुमच्या घरात असं कुणी असेल, किंवा ते कुणी म्हणजे तुम्हीच असाल, तर मला जे कुणी सांगितलं नाही ते तुमच्या कानावर पडावं म्हणून लिहायला बसलेय. आजार जाईल का, लग्न होईल का, नोकरी राहील का, या काळज्या होत्याच. पण आतून पोखरणारी भीती एकच होती. आईच्या हातचं पाणी मला परत कधी पिता येईल का?

टँकरवरची गल्ली

आम्ही शहराच्या कडेला, गारखेड्याच्या पार टोकाला राहतो. बाबांनी एसटीत कंडक्टरकी केली, फुलंब्रीच्या गाडीत उभ्यानं आयुष्य काढलं, आणि गुंठेवारीतला प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. तेव्हा पुढं सगळी ज्वारीची वावरं होती. मग बघता बघता चारी बाजूंनी इमारती उठल्या. माणसं आली, पाणी काही आलं नाही. त्यात सलग दुष्काळ पडला. बोअर आटले, नळाची लाईन तर आमच्या गल्लीच्या अलीकडंच थांबली होती. अख्खी गल्ली टँकरवर आली.

टँकरचा हॉर्न वाजला की आई हातातलं लाटणं टाकून पळायची. ताप असो, पाहुणे असोत, तिनं टँकर कधी चुकवला नाही. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, सुजाताच्या आईला टँकर स्वप्नात पण दिसतो.

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचे. त्या वर्षी ज्या स्कीमचं काम माझ्याकडं होतं तिच्यात स्विमिंग पूल होता. शेजारच्या टेबलावर परवीन बसायची, शहागंजची. ती म्हणायची, "इसमें पानी किधर से लानेवाले गे, तेरे टँकर से?" आम्ही खिदळायचो.

एक दिवस कॉम्प्युटरच्या घरघरीतून कुणीतरी माझं नाव घेतलं. मी वळून बघितलं. परवीन कामात होती. दोन-चार दिवसांनी परत, आणि मग रोजच. बाईचा आवाज होता. बातम्या देतात तसं शुद्ध, थंड बोलायची. "सुजाता उठली. सुजाता आता जेवेल." आणि मग एकदा, मी तांब्या उचलला तेव्हा, "पिऊ नकोस. त्यात मिसळलेलं आहे."

तळाला पांढरं दिसत होतं. टँकरच्या पाण्याला क्षार असतो, सगळ्यांच्याच भांड्यांना पांढरे थर बसलेले होते, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि वाटणं यात त्या दिवसांत काही नातंच उरलं नव्हतं. मी पाणी मोरीत ओतलं. दुष्काळात! आई बघतच राहिली.

त्यानंतर मी दिवसभर परवीनच्या बाटलीतलं पाणी प्यायचे आणि घरी आले की तोंड मिटून पडायचे. बाबा एकदा माझ्यापुढं उकिडवे बसले. "सुजे," म्हणाले, "माझ्या बापाला गावात वरून पाणी ओतायचे. ओंजळ धरून प्यायचा तो. म्हनून मी हितं माझं घर बांधलं, माझा माठ ठेवला. आन माझीच पोरगी माझ्या घरचं पाणी नको म्हणती?" मला रडू येत होतं, पण त्या बाईचा आवाज मोठा होता.

खाकी शर्ट

आजाराचं नाव कळलं त्या दिवशी बाबा एसटीचा जुना खाकी शर्ट घालून आले होते. दवाखान्यात वजन पडेल असं त्यांना वाटलं असावं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "याला सायकोसिस म्हणतात. औषधानं आटोक्यात येतो हा आजार."

"म्हंजी येड लागलंय का पोरीला?"

"वेड हा शब्द आम्ही वापरत नाही."

"तुमी नसाल वापरत. गल्ली वापरती ना, साहेब."

एवढ्या दुःखात मला हसू आलं. डॉक्टरांनी ते पण लिहून घेतलं असणार.

फुलंब्रीहून मावशी आली. बाहेरचं हाय म्हणाली, अमावस्येच्या आत उतरवून घ्या म्हणाली. बाबा असे तडकले की बास. "बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या दिशी हे समदं सोडलं आपण. माझ्या घरात अंगारा येणार नाय. औषध! फकस्त औषध!" आई दारात उभी राहून ऐकत होती. तिनं तो शब्द फारच मनावर घेतला, हे आम्हाला लई उशिरा कळलं.

मला भरती केलं. वॉर्डात सकाळी चहा, मग गोळीची रांग. सिस्टर समोर उभी राहायची. "गिळ. तोंड उघड. जीभ वर कर." पहिल्यांदा इतका अपमान वाटला की मी तिच्यावर थुंकणार होते. मग सवय झाली. शेजारच्या खाटेवर एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांना स्वतःचं नाव आठवत नसे. पण रोज सकाळी मला पुढ्यात बसवून वेणी घालायच्या, एवढी घट्ट की डोळे ताणले जायचे. त्या वेणीनं मला फार आधार दिला.

आणि एक गंमत सांगते. वॉर्डातलं पाणी मी प्यायले. सगळ्याजणी एकाच प्लास्टिकच्या मगानं प्यायच्या, म्हणून. जे सगळ्यांच्या पोटात जातंय ते माझ्या एकटीसाठी मिसळलेलं कसं असेल?

दोन आणे

घरी सोडायच्या आधी केतकी मॅडम भेटल्या. त्या मानसशास्त्राच्या, डॉक्टरांबरोबर एक संशोधन करत होत्या. आवाज येणाऱ्या, संशय घेणाऱ्या माणसांना गोळ्यांनी किती फरक पडतो हे बरंच माहीत आहे, म्हणाल्या. पण गोळ्यांच्या जोडीला कुणी नीट बसून बोललं, तर आणखी किती पडतो, आपल्या भाषेत, आपल्या घरांत, ते बघायचंय. काही जणांना गोळ्या आणि नेहमीची तपासणी, काही जणांना त्याशिवाय दर आठवड्याला बोलणं. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार.

"म्हंजी लॉटरी?" बाबा म्हणाले.

"लॉटरीच. माझ्या हातात दिलं तर मी मला आवडणारी माणसं निवडेन, मग खरं-खोटं कसं कळणार?"

हे बाबांना पटलं. जन्मभर कंडक्टर, वशिल्याची सीट त्यांनी बघितलेली. आणि अधूनमधून एक सर येऊन माझी विचारपूस करणार होते, त्यांना मी कुठल्या गटात आहे ते अजिबात सांगायचं नव्हतं. ते सर स्वतःच आधी हात जोडायचे, "सांगू नका हं ताई." मला आवाज येतात म्हणून मी पेशंट, आणि हे ऐकायला नको म्हणून कानांवर हात ठेवणार!

माझ्या वाट्याला बोलणं आलं.

मला वाटलं होतं, मॅडम समजूत घालतील. सगळ्यांनीच घातली होती. आई तुझी वैरीण आहे का गं, जन्म दिला तिनं, वगैरे. मॅडमनी तसं काही केलं नाही. विचारलं, "पाण्यात मिसळतात, हे शंभरपैकी किती खात्रीनं वाटतं?"

आमच्या घरी हिशेब आण्यात चालतो. मी म्हटलं, "चौदा आणे."

"मग उरलेले दोन आणे कसले?"

सगळे माझ्या चौदा आण्यांशी भांडत होते. दोन आण्यांची चौकशी कुणी केलीच नव्हती. विचार करून मी म्हटलं, "आई माझ्या आधी कधी जेवत नाही. ते दोन आणे."

मग आम्ही तिथून सुरू केलं. आवाज कधी जास्त येतो, मी एकटी असताना का चारचौघांत, गुणगुणलं की तो कमी होतो का, त्याचं सांगणं कधी चुकलंय का. मॅडम आवाजाला खोटं म्हणायच्या नाहीत, खरंही म्हणायच्या नाहीत. "बघू या ना," म्हणायच्या. हळूहळू मी घरी पाणी प्यायला लागले. माझा वेगळा तांब्या होता, आई भरून उशाशी ठेवायची. चौदाचे आठ आणे झाले, आठाचे पाच झाले.

परत पांढरं

पण गोळीनं मी भोपळ्यासारखी फुगले होते. तोंड कोरडं, जीभ जड, ऑफिसात परत जायला लागले तर दुपारी अशी झोप की मान टेबलावर पडायची. मी गोळी जिभेखाली धरून मोरीत थुंकायला लागले. कुणाला बोलले नाही, मॅडमना पण नाही. तुम्ही असं करू नका. डॉक्टरांना सांगितलं तर ते औषध बदलून देतात, कमी करून देतात. हे मला नंतर कळलं, तोंड उघडल्यावर.

थोड्या दिवसांनी तांब्यातलं पाणी कडवट लागायला लागलं. तळाला पांढरं होतं, पण नेहमीपेक्षा दाट, पीठ बसावं तसं. मी आईला दाखवलं.

"टँकरचं पाणी हाय पोरी. क्षार असनारच की."

"कडू लागतंय."

"तुझं तोंडच कडू झालंय औषधानं."

आणि खोलीच्या कोपऱ्यातून तो थंड आवाज आला, "सांगितलं होतं." पाचाचे परत चौदा झाले, पंधरा झाले. ज्या बाईनं भुकेल्या सिद्धार्थाला खीर दिली तिचं नाव माझ्या आईबापानं मला ठेवलं, आणि मी आईच्या हातचं पाणी हुंगून बाजूला ठेवत होते.

एक दिवस मॅडमकडं जायचं होतं. आईनं उशाशी ठेवलेला तांब्या मी बाटलीत ओतून घेतला आणि बाटली पर्समध्ये टाकली. आई दर वेळी बाहेर बाकड्यावर बसायची. मी बाटली मॅडमच्या टेबलावर ठेवली. "हे बघा. हे घरचं पाणी."

मॅडमनी बाटली उजेडात धरली. "आईंना आत बोलवू या का? त्यांना सरळ विचारू, तुझ्यासमोर."

आई आत आली. बाटली बघून तिचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "काय असनार त्यात? टँकरचं पाणी हाय," म्हणाली. आणि आम्ही काही बोलायच्या आत तिनं बाटली उचलली, तोंडाला लावली आणि घटाघटा सगळी रिकामी केली. पदरानं तोंड पुसलं. "झालं? झालं का समाधान?"

मला काय वाटलं ते कसं सांगू! छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटलं. मी आईच्या गळ्यात पडले. मॅडमनी विचारलं, "आता किती?" मी म्हटलं, "एक आणा. तो पण सवयीचा."

हॉर्न वाजत राहिला

रिक्षात आई माझ्या खांद्यावर पेंगली. ऊन लागलं असेल म्हटलं. घरी आल्यावर, "जरा पाठ टेकते" म्हणून फरशीवरच आडवी झाली. बाबा गावाकडं गेले होते.

दुपारी टँकरचा हॉर्न वाजला. आई हलली नाही.

परत वाजला. गल्लीतून बादल्यांचा खडखडाट, बायांची भांडणं, "आगं सुजाताची आई कुठंय?" आई तशीच. मी घाबरून तिला हलवलं. तिनं डोळे अर्धे उघडले. "जीब... जड..." म्हणाली, ओठांवरून कोरडी जीभ फिरवली आणि परत डोळे मिटले.

ती झोप मी ओळखली. दुनियेत दुसऱ्या कुणी ओळखली नसती, मी ओळखली. ती माझी झोप होती. ते कोरडे ओठ माझे होते.

पाण्यात होतं. सोळा आणे होतं.

कोपऱ्यातून आवाज हसला. "बघ." आणि मग एक गोष्ट डोक्यात आली. पाण्यात काय आहे ते आईला माहीत होतं. माहीत असून ती प्यायली. मारायला ठेवलेलं कुणी स्वतः घटाघटा पितं का?

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी डॉक्टरांना जोडलं. डॉक्टरांनी पटापट विचारलं, नाव घेतल्यावर बोलते का, श्वास कसा आहे, आणखी कुठली औषधं घेते. मग म्हणाले, "कुशीवर झोपवा. एकटीला उठून चालू देऊ नका. जागी होईना किंवा श्वास लागला तर लगेच घेऊन या." शेजारच्या जाधवकाकूंना मी आईजवळ बसवलं.

मग मी बादल्या उचलल्या. आजारी पडल्यापासून टँकरचं पाणी भरायला मी गेले नव्हते. बाया बाजूला झाल्या, कुणी म्हणाली, "येऊ द्या तिला." आवाज सगळा वेळ बोलत होता. मी पाईप धरला, दोन्ही ड्रम भरले, माठ भरला, आईचं आवडतं पितळी घंगाळं पण भरलं. साडी नेसलेली असते तर पदर खोचला असता, ओढणीच कमरेला बांधली.

दिवेलागणीला आई उठून बसली. पहिला शब्द, "टँकर?"

"आला. भरलं मी."

तिनं ड्रमकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हमसून हमसून रडायला लागली. मोरीच्या जाळीत तिला माझी गोळी दिसली होती. भांडली असती तर मी ऑफिस सोडून, घर सोडून कुठंतरी निघून जाईन अशी तिला धास्ती. मग पाकिटातली दुसरी गोळी वाटून ती तांब्यात घालायची. "तुझे बाबा म्हनले न्हवं, औषध, फकस्त औषध. मला दुसरं काय सुचंना गं."

मी चिडले. लई चिडले. "माझं खरं होतं! आणि तुम्ही सगळे मला येडी ठरवत होतात!"

आई डोळे पुसत म्हणाली, "तू येडी नव्हतीस. मीच खोटी हुते."

इतक्या महिन्यांत मला इतकं औषधी वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं.

कुठल्या रकान्यात

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चुकलं माझं. बाटलीत काय आहे ते कळल्याशिवाय मी त्यांना पिऊ द्यायला नको होतं. आणि गोळीचं तू मला सांगावंस एवढा विश्वास मी तुला दिला नाही, ते पण माझंच." शिकलेलं माणूस असं सरळ बोलतं तेव्हा बरं वाटतं.

पण पुढचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. "आवाज खरा निघाला सुजाता. मग आता त्याचं सगळंच खरं मानायचं?"

यावर आम्ही कितीतरी आठवडे बोललो. माझ्या हाती जे लागलं ते असं. पाण्यात काहीतरी आहे, हे आवाजानं सांगितलं, आणि या वेळी ते खरं होतं. कशासाठी आहे, हे त्याला माहीत नव्हतं. तो फक्त तांब्यात बघत होता. आईकडं त्यानं कधी बघितलंच नाही. मी बघितलं होतं, दोन आण्यांपुरतं.

घरच्यांना एक हात जोडून सांगते. चोरून औषध देऊ नका. तुमची माया खरी असते, पण ज्या माणसाचा जगावरचा विश्वास उडालाय त्याला तुम्ही पुरावाच हातात देता. वैद्यानं काय करायचं ते वैद्य ठरवेल, तुम्ही त्याच्याशी बोला. आणि आजारी माणसाशी पण बोला. आम्हाला ऐकू येतं. जास्तच येतं.

डॉक्टरांनी माझी गोळी बदलली. वजन थोडं उतरलं, दुपारची झोप गेली. शेवटच्या विचारपुशीला ते सर आले. नेहमीसारखं, "सांगू नका हं ताई." मग प्रश्न. "मागच्या काही महिन्यांत, तुमच्या खाण्यापिण्यात कुणी काही मिसळतंय असं वाटलं का?"

"वाटलं नाही सर. मिसळतच होते."

सरांनी पेन थांबवलं, माझ्याकडं काळजीनं बघितलं. "किती खात्री?"

"सोळा आणे. आईला विचारा, बाहेर बसलीय."

बिचारे बाहेर जाऊन विचारून आले. येऊन परत पेन उचललं. "हे कुठल्या रकान्यात लिहू?"

"ते तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं.

त्या संशोधनातून शेवटी काय निघालं ते मला ठाऊक नाही. माझ्यासारख्या कितीजणांची बेरीज करून ते निघणार. माझ्या एकटीचं काय झालं तेवढं मी सांगू शकते.

आता रात्री जेवण झालं की आई बशीत दोन गोळ्या काढते, उघड्यावर. एक तिची बीपीची, एक माझी. पाणी एकाच तांब्यातलं. मी भरलेलं असतं तेव्हा ती आत न बघता पिते. तिनं भरलेलं असतं तेव्हा मी अजून आत बघते. पहिल्यांदा तिच्यापासून लपवून बघायचे. एकदा तिनं पकडलं. मला वाटलं, आता हिला लागणार.

तिनं तांब्या माझ्या हातातून घेतला, बल्बच्या उजेडात तिरपा केला आणि माझ्यापुढं धरला. "बघ की," म्हणाली. "नीट बघून पी."

मी बघितलं. तळाला पांढरं होतं. टँकरच्या पाण्याला असतंच.

प्यायले.